मळीच्या टाकीतली हजेरी

जयमाला त्रिभुवन आमच्या कारखान्याच्या शाळेत माझी विद्यार्थिनी होती. कोपरगाव तालुक्यातला हा साखर कारखाना, त्याची वसाहत आणि वसाहतीची शाळा. मुलगी अबोल. सगळ्यांसमोर प्रश्न विचारायची नाही. शाळा सुटल्यावर सायकलींपाशी थांबायची आणि मग विचारायची. एखादी गोष्ट पटली नाही तर "नाही" म्हणत नसे. "बघावं लागेल," म्हणायची, आणि खरोखर जाऊन बघून यायची. एकदा कालव्याचं पाणी कुठून कुठे वळतं ते मी वर्गात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ती चिखलाने भरलेल्या चपला घेऊन आली. सांगितलेलं बरोबर होतं, एवढंच तिने मला कळवलं.

तिचे वडील कचरू त्रिभुवन, घरात सगळ्यांचे दादा, मळीच्या टाकीवर मुकादम होते. साखर काढून झाल्यावर उरते ती काळी, दाट मळी लोखंडी टाक्यांत साठवतात. हंगाम संपून टाकी रिकामी झाली की माणसं खालच्या झाकणातून आत शिरतात आणि तळाला धरलेला थर खरवडून काढतात. आतली हवा वाईट असते. माणूस गुंगीत कधी गेला ते त्याचं त्याला कळत नाही. म्हणून कचरूंनी आपली एक पद्धत घातली होती. टाकीबाहेर लाकडी फळा आणि त्यावर खिळ्यांच्या ओळी. आत जाणाऱ्याने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला वरच्या ओळीत लावायचा, बाहेर आला की काढायचा. वर बिल्ला असेपर्यंत झाकण लावायचं नाही, वाफ सोडायची नाही.

कारखान्यात आणखी एक रीत होती. ती कुणी पाडली ते ठाऊक नाही. कामगार वारला की वर्षभर त्याचा नंबर दुसऱ्याला देत नसत. तो जिथे राबला तिथल्या फळ्यावर, सगळ्यात खालच्या शेवटच्या खिळ्याला त्याचा बिल्ला राहायचा. त्याला कुणी हात लावत नसे. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात कचरू मूत्रपिंडाच्या आजाराने घरीच वारले, आणि त्यांचा बिल्ला त्यांच्याच फळ्यावर खाली जाऊन बसला.

जयमाला तेव्हा नगरहून संगणकाचा अभ्यासक्रम करून आली होती आणि कारखान्याच्या संगणक विभागात हंगामी म्हणून लागली होती. विभागाचे प्रमुख नृसिंह धर्माधिकारी. शांत गृहस्थ, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. कारखान्यातले चार-सहा संगणक त्यांनी तारेने जोडून घेतले होते आणि सगळ्या विभागांची खबर एका पानावर दिसावी, असा त्यांचा ध्यास होता. ब्राउझर उघडला की वजनकाट्यापासून गोदामापर्यंत सगळं समोर. पहिलं पान पुण्याच्या एका माणसाने करून दिलं होतं. ते एकसंध होतं. वजनकाट्याचा एक रकाना बदलला की गोदामाचा आकडा गायब व्हायचा, आणि त्याला हात लावायला पुन्हा पुण्याचाच माणूस लागायचा.

जयमालाने ते मोडलं. संगणकाच्या मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून शिकून तिने आधी एक रिकामी चौकट तयार केली. चौकटीला स्वतःचं काहीच सांगायचं नव्हतं. प्रत्येक विभागाने आपला छोटा कप्पा आपल्या पद्धतीने करायचा आणि एका ठरलेल्या जागी ठेवून द्यायचा. चौकट थोड्या थोड्या वेळाने तिथे फेरी मारणार, जो कप्पा असेल त्याला काय सांगायचंय ते विचारणार, आणि उत्तरं जोडून पान मांडणार. नवा कप्पा कधीही यावा, जुना कधीही जावा. चौकट उघडायची गरज नाही. एक गप्प बसला तरी बाकीचे बोलत राहणार. मला समजावताना ती म्हणाली होती, "आपल्या परिपाठासारखं. एक मुलगा बातम्या वाचतो, एक सुविचार, एक पटसंख्या. कुणाला दुसऱ्याचं पाठ नसतं, तरी परिपाठ एकच होतो."

हे कप्पे एकमेकांचं घेऊही शकत. मळी विभागाचा कारकून सुहास, टाकीवरून फोनवर येणारे बिल्ल्यांचे नंबर त्याच्या कप्प्यात टाकायचा. नुसते आकडे. हजेरी कार्यालयाचा दुसरा कप्पा होता, त्यात कुठल्या नंबराला कोणतं नाव ते. चौकट पहिल्याकडून आकडा घ्यायची, दुसऱ्याकडून नाव घ्यायची आणि पानावर लिहायची: मळी टाकी, आत अमुक. कुणी नसेल तर: आत कोणी नाही. मुद्दाम वडिलांच्या फळ्यावरून तिने ते घेतलं होतं.

नव्व्याण्णवचा मे महिना. हंगाम संपून कारखाना थांबला होता. ज्यांनी चालू कारखाना ऐकला आहे त्यांनाच बंद कारखान्याची शांतता कळते. कानात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. गाड्यांच्या तळावर एक बैल नाही, नुसत्या वाळलेल्या पाचटावर वारा फिरतो. भोंगा मात्र ठरल्या वेळी वाजतो, आणि त्याला ऐकून कुठूनच कुणी येत नाही. मळीचा आंबूस वास सगळ्या आवारावर धरून असतो.

अशा एका दुपारी जयमाला पान बघत बसली होती. पान आपोआप क्षणभर कोरं झालं, पुन्हा भरलं, आणि मळी टाकीच्या कप्प्यात दोन खरवडणाऱ्यांच्या खाली तिसरं नाव आलं. कचरू त्रिभुवन. आत.

तिला वाटलं, आपण वाचलं ते डोक्यातलं. पान पुन्हा कोरं झालं, पुन्हा भरलं. नाव होतंच. भर उन्हाची वेळ, बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. संध्याकाळी कामाची सुटी झाली आणि नाव गेलं. दुसऱ्या दिवशी परत आलं.

तिने चौकट उलगडून ओळ न् ओळ पाहिली. तिचे वडील टाकीत आहेत हे वाक्य तिथे कुठेच नव्हतं. आकड्यांच्या कप्प्याला नावं ठाऊक नव्हती. नावांच्या कप्प्याला टाकी ठाऊक नव्हती, आणि वर्ष भरलं नसल्याने त्यातून कचरूंचं नाव अजून काढलेलं नव्हतं. ते वाक्य कुणी लिहिलेलंच नव्हतं. ते तिथे जुळत होतं.

सुहासला विचारलं तर तो म्हणाला, फोनवर जे आकडे सांगतात ते टाकतो, कुणाचे ते बघत नाही. फोन करायचे भिमाजी, कचरूंच्या जागी आलेले मुकादम आणि त्यांचे जुने सोबती. भिमाजींनी मान खाली घालून सांगितलं की तो नंबर आपल्या तोंडून गेलेला नाही. ती फळ्यापाशी जाऊन आली. संध्याकाळ झाली होती, माणसं गेली होती, आणि वडिलांचा बिल्ला सगळ्यात खाली, शेवटच्या खिळ्याला होता. इतक्या महिन्यांत कुणी हात न लावलेलं पितळ काळं पडायला हवं होतं. ते चकचकीत होतं. ती तिथून भराभर चालत निघून आली.

वजनकाट्याच्या खोलीतही एक संगणक होता, त्यामुळे गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. जाणारे-येणारे पडद्यासमोर टोपी काढू लागले. एका सकाळी पडद्यापाशी उदबत्ती जळालेली दिसली, राख थेट कळफलकावर. सुहासची जीभ सैल. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बापाच्या जागी पोरगी लागलेली लई पाहिली. पोरीनं बापाला परत कामावर घेतलेलं पहिल्यांदाच बघतोय." लोक हसले, आणि मग कुणीच हसेना.

बहुतेकांनी मनात ठरवलं होतं की हे जयमालाच करते आहे, दुःखाने तिचं डोकं ठिकाणावर नाही. धर्माधिकारींनाही तसंच वाटत असावं. त्यांनी तिला बोलावलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. पुढच्या आठवड्यात संचालक मंडळ आणि दुसऱ्या कारखान्यांची माणसं हे पान बघायला येणार होती. ते पसंत पडलं तर तिला कायम करण्याचा ठराव त्याच बैठकीत होणार होता. आणि पाहुण्यांसमोर मेलेल्या माणसाचं नाव आलं, तर तिची हंगामी जागाही ते राखू शकणार नव्हते. त्यांनी दोष दिला नाही. एवढंच सांगितलं की तो कप्पा काढून ठेव. काढला तर पान त्या जागेवरून मिटून येईल, तिथे काही होतं हे कुणाला समजणारही नाही. तूच तर तसं बांधलं आहेस.

जयमाला बरं म्हणाली. पण कप्पा काढणं म्हणजे आत असलेल्या खऱ्या माणसांची नावंही पानावरून जाणं, म्हणून खरवडणं संपेपर्यंत तिने थांबायचं ठरवलं. बैठकीच्या आदल्या दिवशी काम संपलं. संध्याकाळी धर्माधिकारींनी स्वतः पान उघडून पाहिलं. मळी टाकी, आत कोणी नाही. आता राहू दे, म्हणाले. उद्या टाकी वाफेने धुवायची, मग झाकण बंद.

त्या संध्याकाळी ती आईजवळ बसली. आक्काबाईंना वाचता येत नाही, पण पानावर काय येतं ते वसाहतीतल्या बायकांनी त्यांना केव्हाच सांगितलं होतं. कुणी नारळ फोडायला सुचवलं होतं, कुणी त्याहून वाईट. आक्काबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भूत-आत्मा आपन मानीत न्हाई. बाबासायबांनी त्ये सोडायला लावलं तवा तुझा आजा दीक्षेला गेल्ता. तुझा बाप तर असलं आयकून हसायचा."

"मला ठाऊक आहे, आई."

"मंग त्यो त्यांचा नंबर लावून आत जातो, त्यो मानूस कोन हाय?"

काम संपलं होतं, कप्पा रिकामा होता. तो प्रश्न जयमालाने तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. बैठकीच्या दालनात मोठा पडदा लावला होता. सुहास सकाळपासून चहा-फराळाच्या मागे होता, त्याच्या खोलीला कुलूप होतं. भिमाजी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोपरगावला भरती झाले होते. टाकीपाशी बॉयलरवरचा एक माणूस सोडला तर कुणी नव्हतं. धर्माधिकारी पान समजावून सांगत होते. एका पाहुण्या कारखान्याच्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे एक छोटा कप्पा मागितला, जयमालाने तो करून ठेवून दिला आणि पानाने तो उचलून घेतला. माणसं पुढे सरकून बघू लागली. तेवढ्यात पान कोरं झालं, भरलं, आणि मळी टाकीत एकच नाव उभं राहिलं. कचरू त्रिभुवन. आत.

दालनात स्थानिक संचालक होते, त्यांना नाव माहीत होतं. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. पाहुण्यांना काही कळलं नाही, ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागले. धर्माधिकारी वाकून जयमालाच्या कानाशी हळू बोलले, "काढ तो कप्पा. आत्ता. पुढचं मी सांभाळून घेतो."

तिचा हात कळफलकावर होता. एक फाइल बाजूला करायची, एवढंच काम.

"काढते, साहेब," ती म्हणाली. "आधी टाकीत बघू द्या. आम्ही भुतं मानत नाही. नाव दिसतंय म्हणजे आत माणूस आहे."

"जयमाला, सगळे बघतायत."

"वाफ थांबवायला फोन करा. नसेल कुणी, तर मी उद्यापासून येत नाही."

ती उठून चालू लागली, मग पळू लागली. धर्माधिकारींनी नंतर मला सांगितलं की आपण फोन उचलला तो तिच्यावर विश्वास बसला म्हणून नाही. तिने खुर्ची सोडली, आणि तरी ते नाव पानावर पुन्हा एकदा आलं, म्हणून.

टाकीपाशी बॉयलरच्या माणसाचा हात वाफेच्या चाकावर होता. शेडमधला फोन वाजून वाजून थांबला होता. आत कुणी नाही, काम कालच उरकलं, असं त्याने तिला सांगितलं. तिने फळ्याकडे बोट केलं. वरच्या ओळीत एकच बिल्ला होता.

"त्यो तुमच्या दादांचा, ताई," तो म्हणाला. "आज मोठी मानसं येनार, म्हून कुनी मानानं वर लावला आसंल. आमी त्याला हात लावत न्हाई."

कारखान्यातल्या कुणीही तेच केलं असतं. जिवंत माणसाचा बिल्ला वर दिसला असता तर त्याने चाकाला हात लावला नसता. मेलेल्याचा होता, म्हणून मान राखला आणि पुढे गेला.

झाकण नुसतं टेकवलेलं होतं. तिने ते ढकललं आणि वाकली. आतून गरम, आंबलेल्या श्वासासारखा वास आला. अंधार इतका दाट की हात घातला तर चिकटेल. तिला हाक मारायची होती, पण कुणाला? आत कोण आहे ते तिला ठाऊक नव्हतं. एकच नाव तिच्याजवळ होतं, आणि त्या माणसाला तिने कधी नावाने हाक मारली नव्हती.

"दादा," तिने हाक दिली.

टाकीने ती हाक फिरवली, जाड करून, कुणा दुसऱ्याच्या आवाजात परत दिली. मग शांतता. मग खूप आतून, तळाजवळून, एक पुरुषी आवाज आला. "व्हय."

बॉयलरचा माणूस चाक सोडून मागे सरकला, पाठ भिंतीला लागेपर्यंत. जयमाला हलली नाही. ती पुन्हा हाक मारत राहिली, दादा, दादा, आणि प्रत्येक हाकेला आतून ओ येत राहिली, दर वेळी थोडी क्षीण. तोवर धर्माधिकारी आणि दालनातली निम्मी माणसं धावत आली होती. पंखा लावून हवा सोडली, कमरेला दोर बांधून दोघे आत गेले, आणि मळीने काळ्या झालेल्या एका माणसाला बाहेर ओढून आणलं. उन्हात ठेवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर फक्त डोळे माणसाचे दिसत होते. तो सूर्यभान होता, जामखेडकडचा. ऊसतोडीला आलेला, आणि तोड संपल्यावर मागे राहिलेला.

बाकीचं भिमाजींनी डोळ्यावर पट्टी असतानाच सांगितलं. टाकीसाठी एक माणूस कमी पडत होता. सूर्यभान काम मागत होता, आणि बिल्ला नसलेल्या माणसाला टाकीत सोडायचं नाही हा कचरूंचाच नियम. त्यांनी सूर्यभानला कचरूंचा बिल्ला दिला. दिवसभर वर, संध्याकाळी परत खाली. आत माणूस आहे तर नंबर कळवायलाच हवा, म्हणून फोनवर सांगतही होते. विचारल्यावर मात्र लाज वाटली, बरोबरच्या दोघांनाही त्यांनी गप्प बसवलं. मेलेल्या सोबत्याच्या नंबरवर दुसऱ्याला राबवलं, हे त्याच्या पोरीला कसं सांगायचं? आदल्या दिवशी सूर्यभान अंगात कणकण म्हणून लवकर गेला होता. काम संपल्याचं त्याला कुणी सांगितलं नाही. सकाळी तो नेहमीसारखा आला, बिल्ला वर लावला, आत शिरला आणि गुंगी येऊन पडला.

एवढं सगळं नीट जुळतं. एक गोष्ट जुळत नाही. त्या सकाळी टाकीवरून फोन कुणी केला नव्हता. करणारे भिमाजी दवाखान्यात होते. सुहासच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या खिशात. तो म्हणतो, कालचा आकडा पुसायचा राहिला असेल. पण कालचं पान धर्माधिकारींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जयमालाने कप्पा तपासला तेव्हा आकडा त्याच सकाळी आलेला निघाला. आणला कुणी, ते चौकटीला ठाऊक नव्हतं. ठरलेल्या जागी जे ठेवलेलं असेल ते ती उचलायची. ठेवणारा कोण, हे विचारायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पुढे जयमालाने तेही शिकवलं. आता प्रत्येक ओळीमागे सांगणाऱ्याचं नाव राहतं. त्या सकाळपुरती जागा कोरी आहे.

ठराव त्या बैठकीत झाला नाही. बैठकच राहिली नव्हती. पावसाळा सरता सरता तिला कायम केलं. आज इतर दोन कारखान्यांत तिची चौकट चालते, आणि तिथली मुलं तिला न विचारता त्यात आपापले कप्पे घालतात. हेच तिला आवडतं.

सूर्यभान दवाखान्यातून सुटल्यावर आक्काबाईंनी त्याला घरी जेवायला बोलावलं. मीही होतो. तो अंग चोरून बसला होता, ज्या माणसाचा नंबर वापरला त्याच्या फोटोकडे बघायला धजत नव्हता. आक्काबाईंनी त्याला काही विचारलं नाही. शेवटी जयमालानेच विचारलं, की मी दादा म्हणून हाक मारली, तुमचं तर ते नाव नाही, मग तुम्ही ओ कशी दिलीत?

सूर्यभानने हातातला घास ताटात ठेवला. "माझी धाकली लेक मला दादाच म्हनती," तो म्हणाला. "जामखेडास्नं हितवर कशी आली, कुनासंगं आली, म्हून घाबरलो. म्हनलं, पोरगी दाराशी हुबी हाय, आता ओ द्याया पायजे."

आक्काबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. जयमाला तांब्या उचलून पाणी आणायला आत गेली, आणि तिला बाहेर यायला बराच वेळ लागला.